मिरची हाताला झोंबते तेव्हा

नगरहून आष्टी-जामखेडमार्गे बीडला जाणाऱ्या रस्त्यावर कडा नावाचे गाव लागते. गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात मोडते. पण तेथील माणसांचे जाणे-येणे नगरशी अधिक. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा कड्यालाही स्थानक मिळाले. माझ्या आत्याचे घर या गावात आहे. तेथे एका मार्च महिन्यात जे घडले, त्यावरून हा लेख लिहावासा वाटला.

मार्च-एप्रिल म्हणजे वर्षाचे तिखट करण्याचे दिवस. बाजारातून लाल मिरची आणायची, माळवदावर किंवा गच्चीवर पसरून कडक वाळवायची, देठ मोडायचे आणि मग डंकावर नेऊन कुटून आणायची. याच दिवसांत मराठवाड्यातील घरांतून येसूरही भाजला-कुटला जातो. सगळ्या आळीला ठसका लागलेला असतो. आत्याकडे त्या दिवशी दहा किलो मिरचीचे देठ मोडायचे काम चालले होते. माझी आतेबहीण दहावीत. दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर. प्रमेये पाठ करून डोके शिणले म्हणून ती तासभर वर गच्चीवर येऊन बसली आणि बसल्याबसल्या मिरच्यांना हात लावू लागली. "अगं, तू नको लावूस हात, उद्या पेपर आहे तुझा," असे आत्या म्हणालीही. पण तोपर्यंत पोरीने दोन सुपे मिरच्या निवडल्या होत्या.

संध्याकाळी तिने हात नुसत्या पाण्याने धुतले. जेवण झाले. काहीही त्रास नव्हता. रात्री नऊच्या सुमारास तिने तोंड-हातपाय धुण्यासाठी चुलीवरचे कढत पाणी घेतले, आणि हात पाण्यात घालताच ती किंचाळलीच. बोटांच्या पेरांमध्ये, नखांच्या कडांना, मनगटाच्या आतल्या बाजूला निखारे ठेवावेत तशी आग सुरू झाली. पेन धरवेना. घरात धावपळ उडाली. कोणी गार पाण्याची बादली आणली, कोणी शेजारच्यांच्या फ्रिजमधला बर्फ आणला, कोणी दही चोळले, कोणी लिंबू पिळले. लिंबाने तर ती रडूच लागली. कोणी चुलीतील राख चोळायला सांगितली. बादलीत हात बुडवलेले असले की बरे वाटे. बाहेर काढले की दोन मिनिटांत पुन्हा तीच भगभग.

शेवटी आत्याच्या सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "आगं, पाण्यानं काय जातंय ते? गोडं तेल लाव हाताला, जिरू दे जरा, अन् मग साबणानं धू."

आजींनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. परंतु त्यांच्या या एका वाक्यात रसायनशास्त्राचा एक चांगला धडा आहे.

मिरचीत काय असते?

मिरचीच्या तिखटपणाचे कारण असलेल्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. बुखोल्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१६ साली ते अशुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. १८७६ साली थ्रेश या इंग्रज संशोधकाने ते बऱ्याच शुद्ध रूपात मिळवून त्याला हे नाव दिले, आणि १९१९ साली नेल्सनने त्याची रचना बहुतांशी उलगडली. याच्या एका रेणूत कार्बनचे १८, हायड्रोजनचे २७, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. शुद्ध कॅप्सेसिन पांढरे, स्फटिकरूप असते. मिरचीचा लाल रंग त्याचा नव्हे. तो कॅप्सँथिन नावाच्या वेगळ्याच द्रव्याचा. म्हणूनच लालभडक असलेली ब्याडगी मिरची चवीला सौम्य असते आणि तिच्याहून फिकी दिसणारी एखादी मिरची जहाल निघते.

आता प्रश्न असा, की हे कॅप्सेसिन मिरचीच्या कोणत्या भागात असते? वर्गात विचारले तर निम्म्याहून अधिक हात "बियांत" असे म्हणण्यासाठी वर होतील. ते बरोबर नाही. एखादी हिरवी मिरची उभी चिरून पाहा (हाताला पिशवी बांधून!). आत एक पांढुरकी, मऊ शीर दिसेल. तिला बिया चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होते ते या पांढऱ्या भागातील पेशींत. बियांना ते वरून लागलेले असते इतकेच. ही पांढरी शीर वर देठाजवळ सर्वांत जाड असते. देठ मोडला म्हणजे नेमकी तीच जागा फाटते. मिरची निवडताना हाताला इतके तिखट का लागते, याचे हे कारण.

कॅप्सेसिनच्या रेणूचे एक टोक असे आहे, की त्याला पाण्याशी थोडीफार सलगी करता येते. पण त्याला जोडलेली कार्बन अणूंची लांब शेपटी तेलाच्या जातीची आहे. एकूण रेणूचा कल तेलाकडे. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात, अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते. या एका गुणधर्मावर पुढची सगळी कथा आधारलेली आहे.

आग लागते, पण जळत काहीच नाही

तिखटाच्या डब्यात तापमापक खुपसून पाहिला तर तो काय दाखवील? खोलीचे जे तापमान तेच. मिरची "गरम" नसते. आणि तरीही हात भाजल्यासारखा का वाटतो?

आपल्या त्वचेत उष्णता, थंडी, स्पर्श, वेदना यांची वर्दी मेंदूकडे पोचवणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात. या टोकांच्या आवरणात काही प्रथिनांचे सूक्ष्म दरवाजे असतात. एखादा विशिष्ट दरवाजा उघडला की बाहेरचे कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात, विद्युतसंदेश तयार होतो आणि मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. मेंदूला दरवाजा दिसत नाही. त्याला फक्त संदेश कळतो.

यांतील एक दरवाजा सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की उघडतो. म्हणजे तो आपला भाजण्याची सूचना देणारा पहारेकरी. कॅप्सेसिनचा रेणू नेमका या दरवाजाच्या खाचेत बसतो आणि तापमान वाढलेले नसतानाच तो उघडतो. मेंदूला वर्दी मिळते, "हात भाजतो आहे!" पहारेकरी खोटे बोलत नाही, त्याला फसवलेले असते.

हा दरवाजा शोधला कसा, हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना जाणणाऱ्या चेतापेशींमध्ये कार्यरत असलेल्या असंख्य जनुकांचे तुकडे गोळा केले. मग ज्या पेशींवर कॅप्सेसिनचा काहीच परिणाम होत नाही अशा पेशी त्यांनी घेतल्या, त्यांत हे तुकडे गटागटाने घातले आणि वरून कॅप्सेसिन टाकून पाहिले. कोणत्या गटातील पेशींमध्ये कॅल्शियम शिरते, ते चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने पाहिले जाई. गट लहान लहान करीत शेवटी एकच जनुक हाती लागले. हे संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्या प्रथिनाला आज टीआरपीव्ही-१ म्हणतात. तेच प्रथिन उष्णतेनेही उघडते, हे त्याच वेळी दिसून आले. पुढे २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना, स्पर्शाचे ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पटापूशियन यांच्यासमवेत मिळाले. मिरची झोंबते कशी या प्रश्नापासून नोबेलपर्यंत वाट जाते, हे कड्याच्या गच्चीवर बसलेल्या कोणाला सांगितले असते तर खरे वाटले नसते.

आता आतेबहिणीच्या हातांकडे वळू. दुपारी मिरच्या निवडल्या; आग रात्री का झाली? आपल्या तळहाताची वरची मृत त्वचा जाड असते. तिच्यात स्निग्ध द्रव्याचे थर असतात. कॅप्सेसिन या थरांत मुरते आणि हळूहळू खाली, जिवंत चेतातंतूंपर्यंत पोचते. याला कधी मिनिटे लागतात, कधी काही तास. बोटांच्या बाजू, नखांच्या कडा, मनगट येथे त्वचा पातळ. तेथे आधी आग होते. नुसत्या पाण्याने हात धुतले तर वरची धूळ जाते, मुरलेले कॅप्सेसिन जात नाही. मग कढत पाण्याने एकदम भडका का उडाला? कारण कॅप्सेसिन बसलेला दरवाजा नेहमीपेक्षा पुष्कळ कमी तापमानालाही उघडू लागतो. एरवी सुखावह वाटणारे ऊन पाणी अशा वेळी उकळत्यासारखे भासते. उन्हात हात धरला किंवा चुलीजवळ बसले तरी तसेच होते.

त्वचा लाल होते तीही या चेतातंतूंमुळे. चेतवलेले तंतू स्वतःच काही रसायने सोडतात. त्यांच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून हात लाल, ऊनऊन दिसतो. पण खरा भाजलेला हात जसा फोडांनी भरतो तसे सहसा होत नाही. फोड आलेच, किंवा एका दिवसानंतरही आग थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

चुलीपाशी बसून गंमत म्हणून एक विचार करावा. पोपट मिरची मजेत खातो, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्याला शिक्षण दिलेले नसते. पक्ष्यांमध्येही हा दरवाजा असतो, उष्णतेने तो उघडतोही. पण त्याची घडण थोडी निराळी असल्याने कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. कोंबडीच्या या प्रथिनाचा अभ्यास करून २००२ साली हे दाखवून दिले गेले. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीने हे सोयीचेच. सस्तन प्राणी बिया चावून त्यांची वाट लावतात. पक्षी त्या अखंड गिळून दूरवर टाकतात. जंगली मिरचीचे तिखट म्हणजे नको त्या पाहुण्याला दाराशी थोपवण्याची युक्ती. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्याला आणली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटासाठी मिरी आणि पिंपळी होती. नव्या पाहुणीला नावही मिरीवरूनच पडले. तिखटाची युक्ती माणसापुढे मात्र फसली. झोंबते म्हणून ज्याने ती टाळायची, तोच ती दहा किलो विकत घेऊन माळवदावर वाळत घालतो!

उपायांची परीक्षा

त्या रात्री घरात जे जे उपाय झाले ते एकेक तपासून पाहू.

गार पाणी. बादलीत हात असेपर्यंत बरे वाटते, ते अगदी खरे. त्वचेचे तापमान उतरले की तो दरवाजा उघडण्याचे प्रमाण घटते. पण कॅप्सेसिन जागच्या जागीच. हात बाहेर काढला, त्वचा पुन्हा नेहमीच्या तापमानाला आली, की आग परत. म्हणजे गार पाणी ही आग शमवण्याची तात्पुरती सोय, तिखट काढण्याचा मार्ग नव्हे. बर्फाचेही तेच. तो फडक्यात गुंडाळूनच लावावा, आणि सतत नव्हे. नाहीतर मिरचीने न भाजलेली त्वचा बर्फाने दुखावायची.

दही-दूध. तोंड पोळले तर दूध उत्तम, याविषयी चांगले प्रयोग झालेले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साधे दूध आणि साय काढलेले दूध दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. यावरून असे दिसते, की श्रेय केवळ स्निग्धांशाला नसून दुधातील केसीनसारख्या प्रथिनांनाही असावे. ती कॅप्सेसिनला बांधून घेतात. आष्टी तालुक्यात दुधाचा धंदा मोठा, तेव्हा तेथे जेवताना ठेचा झोंबल्यास औषध हाताशीच असते. परंतु तोंडातील ओले, पातळ आवरण वेगळे आणि हाताची जाड त्वचा वेगळी. हातावर थंड दही लावल्याने बरे वाटते ते मुख्यतः गारव्याने.

लिंबू. याने मुलगी रडली, याचे कारण सरळ आहे. तो उष्णतेचा दरवाजा आम्लानेही चेतवला जातो. त्यात देठ मोडताना बोटांना बारीक ओरखडे पडलेले. तेव्हा आग सुरू झाल्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणेच.

राख. येथे थोडे थांबावे लागेल. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि तिचे पाणी अल्कधर्मी असते. कॅप्सेसिनच्या पाणीप्रिय टोकाला असलेला फिनॉल गट अशा अल्कात आपला हायड्रोजन सोडतो आणि मग तो रेणू पाण्यात थोडा अधिक विरघळू शकतो. शिवाय राख तेलकटपणा ओढून घेते. म्हणून तर पूर्वी भांडी राखेने घासत. तत्त्वात चूक काही नाही. पण राखेचे खरखरीत कण चोळून आधीच दुखावलेली त्वचा सोलून निघते. भांड्यासाठी राख ठीक, हातासाठी नको.

स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करण्याचे द्रव. अल्कोहोलमध्ये कॅप्सेसिन विरघळते, म्हणून काहीजण हे सुचवतात. परंतु अल्कोहोलच्या सान्निध्यात तो दरवाजा सुमारे ३४ अंशांनाच उघडू लागतो, असे २००२ साली दिसून आले आहे. म्हणजे जवळजवळ आपल्या त्वचेच्याच तापमानाला. जखमेवर स्पिरिट चुरचुरते ते यामुळेच. आग होण्यापूर्वी, नुकत्याच निवडून झालेल्या हातांना ते चालेल. आग सुरू झाल्यावर नव्हे. रॉकेल मात्र कधीही वापरू नये. तेही कॅप्सेसिन विरघळवते, पण स्वतःच त्वचेला अपाय करते, आणि चुलीच्या घरात रॉकेलने माखलेले हात म्हणजे काय धोका, हे सांगायला नको.

आता आजींचे तेल. करडईचे असो, शेंगदाण्याचे असो, सूर्यफुलाचे असो, तत्त्व एकच. त्वचेच्या वरच्या स्निग्ध थरांत बसलेले कॅप्सेसिन तेलात सहज उतरते. तेल हे येथे द्रावक. परंतु नुसते तेल लावून थांबले तर? आता तिखट हातावर तेलात विरघळलेले आहे, ते सगळीकडे पसरेल आणि पुन्हा मुरेलही. म्हणून आजींच्या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा, "मग साबणानं धू." साबणाच्या रेणूलाही दोन टोके असतात, एक तेलात रुतणारे आणि एक पाण्याला धरणारे. असे पुष्कळ रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. तो थेंब, पोटातल्या कॅप्सेसिनसकट, पाण्याबरोबर वाहून जातो. तेलाने बाहेर काढायचे, साबणाने वाहून न्यायचे. आणि हे दोन-तीनदा करायचे, दर वेळी ताजे तेल घेऊन, गार पाण्याने. नखांखाली विशेष लक्ष द्यायचे. भांड्यांचा साबण असेल तर तेलकटपणा काढायला तो अधिक चांगला.

मिरचीने होणाऱ्या हातांच्या आगीवर तेल आणि पाणी यांची तुलना करणारा एक प्रयोग अमेरिकेतील न्यू मेक्सिको या प्रांतात झाला आणि १९८७ साली प्रसिद्ध झाला. तेथेही हिरव्या मिरच्या मोठ्या प्रमाणावर भाजून सोलतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही स्वयंपाकघरातलाच. त्यात असे आढळले, की सुरुवातीला गार पाण्याने अधिक बरे वाटते, परंतु पुष्कळ वेळ टिकणारा आराम तेलात हात बुडवलेल्यांना मिळतो. आमच्या बादलीची आणि आजींच्या तेलाची हीच गोष्ट.

पण येथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या रात्री तेल-साबण तीनदा झाले, बारा वाजेपर्यंत आग सोसण्याइतकी उतरली, मुलगी झोपली आणि सकाळी तिने पेपर लिहिला. घरात सर्वांनी तेलाला श्रेय दिले. मीही दिले. नंतर विचार केला, की मिरचीची आग काही तासांनी आपोआपही उतरतेच. तेव्हा एकामागून एक सहा उपाय केले, तर जो सर्वांत शेवटी केला त्यालाच यश येणार! पहिला उपाय बिचारा आग चढतीला असताना झाला, शेवटचा उतरतीला. समजा, आजी आधी उठल्या असत्या आणि शेवटी कोणी राख लावली असती, तर आज मी राखेवर लेख लिहीत असतो काय?

ही शंका उगीच नाही. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पोलीसदलातील उमेदवारांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून चेहऱ्यावर मिरचीच्या अर्काचा फवारा सोसावा लागे. त्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा उपाय दिला गेला. कोणाला पाणी, कोणाला दूध, कोणाला लहान मुलांचा शांपू, कोणाला आम्लपित्तावरचे पातळ औषध, तर कोणाला बधिर करणारे मलम. पाचही गटांत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. वेदना कमी झाली ती मुख्यतः वेळ गेल्यामुळे. या यादीत तेल नव्हते आणि प्रश्न हाताचा नसून चेहऱ्याचा होता, म्हणून १९८७ चा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. मात्र "मला याने बरे वाटले" एवढ्यावरून उपाय सिद्ध होत नाही, हे यातून कळते. एकाच वेळी, सारख्याच त्रासाच्या, दोन गटांवर दोन उपाय केले तरच तुलना होते. आजींच्या सल्ल्यावर माझा विश्वास आहे, तो त्या रात्रीमुळे नव्हे, तर रसायनशास्त्र आणि तो १९८७ चा प्रयोग त्यांच्या बाजूने आहेत म्हणून.

डोळ्यांत गेले तर

येथे तेलाचा नियम लागू नाही. तिखटाचा हात डोळ्याला लागला तर तेल, तूप, दूध, मध यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. आग राहील बाजूला आणि जंतुसंसर्ग व्हायचा. स्वच्छ, साध्या गार पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटे डोळ्यावर सोडावी आणि पापण्या उघडझाप कराव्यात. डोळा चोळू नये. चष्म्याऐवजी डोळ्यांत भिंगे घालणाऱ्यांनी ती आधी काढावीत, पण ती काढणारा हात तिखटाचा नसावा! धुऊनही दुखणे राहिले, अंधुक दिसू लागले, तर डॉक्टर गाठावा. लहान मुलाच्या बाबतीत तर वाट पाहूच नये. मिरची निवडून उठलेल्या आईने तान्ह्याला उचलले आणि ते घंटाभर का रडते ते कोणालाच कळले नाही, असे घडू शकते. बाळाची त्वचा पातळ, आणि सांगता त्याला येत नाही.

डंकावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे हात मात्र फारसे भगभगत नाहीत. त्यांची त्वचा कष्टाने जाड झालेली असते हे खरे, पण आणखी एक कारण आहे. कॅप्सेसिनचा मारा वारंवार होत राहिला तर ती चेतातंतूंची टोके थकतात, प्रतिसाद देईनाशी होतात, काही काळ मागेही हटतात. वैद्यकाने याचाच उपयोग करून घेतला आहे. सांधेदुखीसाठी कॅप्सेसिनची सौम्य मलमे मिळतात, आणि नागिणीनंतर उरणाऱ्या चेतादाहावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी २००९ सालापासून पाश्चात्त्य देशांत वापरली जाते. ती लावणाऱ्या परिचारिका जाड हातमोजे घालतात, हे ओघाने आलेच.

हातमोज्यांचेच म्हणाल तर मिरची निवडण्यापूर्वी ते घालणे हा सर्वांत सोपा उपाय. ते नसतील तर दुधाच्या नव्हे, पण धान्याच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या मनगटाशी दोऱ्याने बांधाव्यात. कोकणात फणस चिरताना हाताला तेल लावतात, तसे येथेही काहीजणी लावतात. तिखट आधी तेलात उतरते, हे बरोबर. परंतु काम संपताच ते तेल साबणाने काढायला हवे. तेल लावून तासन् तास बसणे हिताचे नाही.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. यात हात भाजून घ्यायचे नाहीत. काचेच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत अर्धी बाटली पाणी, दुसरीत तितकेच गोडे तेल, तिसरीत निम्मे पाणी आणि निम्मे तेल. प्रत्येकीत चमचाभर लाल तिखट चमच्यानेच टाका, बूच घट्ट लावून हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. कॅप्सेसिन डोळ्यांना दिसत नाही, पण मिरचीचा लाल रंगही त्याच्यासारखाच तेलाचा सोबती आहे, म्हणून तो आपला साक्षीदार. पहिल्या बाटलीतील पाणी थोडे गढूळ-पिवळट होईल. दुसरीतील तेल लालबुंद होईल. तिसरीत तेलाचा थर वर येईल, आणि रंग कोणत्या थरात गेला आहे ते आपणच पाहा. आमटीवरच्या तर्रीची आठवण होईल. आता तिसऱ्या बाटलीत भांड्यांच्या साबणाचे दोन चमचे पाणी घालून जोराने हलवा. दोन थरांमधली रेघ नाहीशी होऊन सबंध बाटली नारिंगी, दुधाळ दिसू लागेल. कड्याला त्या रात्री मोरीत वाहून गेलेले पाणी याच रंगाचे होते.